क्यू. एस.

कशेळीच्या खाडीपुलावर गाड्या तुंबल्या की काका दुकानाच्या पायरीवर येतात, ठाण्याच्या दिशेला एकदा बघतात आणि निदान सांगतात, “बीडी. सकाळी एक, संध्याकाळी एक. जेवणाशी संबंध नाही.”

औषधाच्या दुकानात उभं आयुष्य काढलेल्यांची एक वेगळी जात असते. मनगटावर रबरबँड, कपाळावर चष्मा, हातात स्ट्रिप कापायची कात्री. काका या जातीचे कट्टर. सुट्टे नाहीत म्हणून ते गिऱ्हाइकाच्या हातावर खोकल्याची गोळी ठेवत नाहीत; खोकला नसताना ती गोळी देणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. रुपया वहीत मांडून ठेवतात. माझे त्यांच्याकडे 11 रुपये आहेत.

काकांचे वडील भिवंडीच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. गिऱ्हाईक घरून बाटली आणायचं, वडील त्यात मिक्शर ओतायचे आणि डोस कळावेत म्हणून खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचे. एक खाच, एक डोस. पट्ट्या कापायचं काम लहानग्या काकांचं. लॅटिन तिथेच कानावर पडलं. पुढे त्यांनी रीतसर डी. फार्म. केलं, पण बाळकडू ते बाळकडूच. अ‍ॅस्पिरिनची गोळी 325 मिलिग्रॅमची का, 300 ची का नाही, असं त्यांना विचारून बघा. “जुने 5 ग्रेन. एक ग्रेन साधारण 65 मिलिग्रॅम. करा गुणाकार.” आणि तुमचा गुणाकार संपेपर्यंत गोळी देत नाहीत.

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एसओएस लागल्यास, स्टॅट आत्ताच्या आत्ता. एवढ्या भांडवलावर काका सगळा संसार चालवतात. मुलाचा फोन ओडी. चहा क्यूआयडी. मेव्हणा एसओएस. काकूंचे टोमणे पीसी, कारण जेवणाआधी त्यांना बोलायला सवड नसते. काकू आमटी करत असल्या की हे दारातून विचारतात, “मीठ क्यू. एस. ना?” क्वांटम सफिसिट, म्हणजे पुरेल एवढं.

“अंदाजाने म्हणा की,” काकू म्हणतात. “त्याला कशाला इंग्रजी?”

“लॅटिन आहे ते.”

“मग लॅटिनमधे अंदाजाने म्हणा.”

एवढं सगळं असून काउंटरच्या पलीकडे मात्र काका एक अक्षर लॅटिन जाऊ देत नाहीत. गावातली आगरी आजी विचारते, “बाला, ही गोली कवा खावाची? जेवाचे पयले का जेवल्याव?” काका पांढरी चिठ्ठी घेतात आणि मोठ्या अक्षरात लिहितात: सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर. आजीला वाचता येत नाही हे त्यांना ठाऊक आहे. नातवाला येतं. एकदा गोदामातला हिशेबनीस डॉक्टरांची चिठ्ठी वाचून भडकला होता, “गोळीवरपण टीडीएस कापता?” दुसऱ्याच्या चिठ्ठीत डोळ्याच्या थेंबांपुढे ‘ओडी, टीडीएस’ लिहिलेलं; तो म्हणाला, एकदा टाकू की तीनदा ते ठरवा. काका हसले नाहीत. डोळ्याच्या चिठ्ठीवरचा ओडी म्हणजे उजवा डोळा आणि ओएस म्हणजे डावा, हे त्याच्या बोटाला धरून, एकेक डोळा दाखवत समजावलं. इन्सुलिनच्या युनिटचा ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो आणि 10 चे 100 होतात, 1.0 मधला ठिपका पुसट झाला की 1 चे 10. म्हणून चिठ्ठीत शंका आली की ते डॉक्टरांना फोन लावतात. डॉक्टरांनी औषधांची नावं वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, असा नियम 2016 मध्ये आला, तेव्हा काकांनी पेढे वाटले होते. पेढे लवकर संपले. फोन अजून चालू आहेत.

हे सगळं ठीक चाललं होतं, पण घरात सून आली.

सून एम. फार्म. एका रुग्णालयात निर्जंतुक खोलीत शिरेतून द्यायची औषधं तयार करते. तिने सासऱ्यांना तिकडचं वर्णन सांगितलं आणि घराचं वाटोळं झालं. तिथे म्हणे हवा हेपा फिल्टरमधून येते, 0.3 मायक्रॉनचे 10,000 कण आले तर फार तर 3 पलीकडे जातात. काकांनी जुन्या आग्रा रोडकडे तोंड असलेल्या आपल्या कपाटावरून बोट फिरवलं. बोट दिसेना.

“आणि बाबा, फिल्टरमधून निघून थेट औषधावर येते ती पहिली हवा. तिच्यामधे हातसुद्धा आणायचा नाही. काम करायचं ते हुडच्या 6 इंच आत.”

“पहिली हवा,” काका हळूच म्हणाले. तो शब्द त्यांनी रात्रभर चघळला असावा. सकाळी देवघरातल्या उदबत्तीची जागा बदललेली होती.

मे महिन्यात त्यांनी कैरीचं लोणचं स्वतः घालायचं जाहीर केलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रांगोळीने रेघ. पलीकडे चप्पल, अंगठी, पावडर, बोलणं, सगळं बंद. पंखा बंद. आधी टोपी आणि मास्क, मग कोपरापर्यंत हात धुणं, मग झगा, शेवटी हातमोजे. ओटा 70 टक्के अल्कोहोलने पुसला. शंभर टक्के का नाही, हे त्यांनी मास्कमधून मला सांगितलं: जंतू मारायला थोडं पाणी लागतं, आणि निव्वळ अल्कोहोल काम व्हायच्या आत उडून जातं. मी रेघेच्या अलीकडून मान हलवली. मान हलवल्याबद्दल मला एक पाऊल मागे पाठवण्यात आलं.

काकू शांत होत्या. त्यांनी आपली वेगळी बरणी दोन दिवस उन्हात तापवली, तिला हिंगाची धुरी दिली, ओला हात लावाल तर बघा असं सगळ्यांना एकदाच सांगितलं आणि शेजारणीशी गप्पा मारत फोडी मिसळल्या.

निर्जंतुक खोलीत काम करणाऱ्याचा हात तपासायला औषधाऐवजी जंतूंना आवडणारं द्रावण भरतात आणि 14 दिवस ठेवतात. गढूळ झालं तर हात नापास. काकांनी बरणीवर तारीख घातली आणि 14 दिवस वाट बघितली.

पंधराव्या दिवशी सकाळी बरणीत पांढरी बुरशी होती.

सून धावली. तिने टोपीपासून हातमोज्यांपर्यंत सगळा क्रम तपासला, चूक सापडेना. काकूंनी नुसती फोड चाखायचं नाटक केलं आणि विचारलं, “अहो, मीठ किती घातलंत?”

काकांना ब्लडप्रेशर आहे. त्यांनी तराजूवर मोजून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, निम्मं घातलं होतं.

“क्यू. एस. चुकला,” काकू म्हणाल्या.

काकूंची बरणी वर्षभर टिकली. ती फळीवर आहे आणि तिच्यावर दुकानातलीच पांढरी चिठ्ठी आहे, अक्षर काकूंचं: ‘दोन्ही जेवणात एकेक फोड. चमचा कोरडा. यांनी उघडू नये.’