आजोबा ऑनलाइन आहेत

पनवेलजवळच्या करंजाडे या सिडको वसाहतीत एखाद्या चौथ्या मजल्यावर अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले आजोबा आता पुरते डिजिटल झालेले असतात. दंडावर साखर मोजणारा सेन्सर. तो 14 दिवस टिकतो; कामाला ठेवलेल्या मावशी तेवढं टिकतीलच असं नाही. लेक पुण्यातून कॅमेऱ्यात बघते, बाबा सकाळपासून एकाच कुशीवर आहेत. कूस बदलायचं बटण ॲपमध्ये नाही.

सरकारही मागे नाही. झिजलेल्या बोटांचे ठसे उमटेनात, तर 2021पासून हयातीचा दाखला चेहरा दाखवूनही मिळतो. 2024पासून सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार; अर्थात रुग्णालयात भरती झालात तर. घरी डायपर बदलणाऱ्या मावशींचा पगार त्यात बसत नाही.

त्या मावशी ‘उद्या येत नाही’ एवढं व्हॉट्सॲपवर कळवतात. हा निरोप मात्र रेंज नसली तरी पोहोचतो.