त्रिकोणात न बसलेला माणूस

नॉर्मन मॅक्लॅरनची 'पा द दू' ही १९६८ सालची फिल्म पाहिल्यावर माणसानं पांघरूण ओढून गप्प झोपावं. काळ्या पडद्यावर बॅले नाचणारी जोडी. त्यांची एकेक हालचाल त्याच फिल्मवर थोड्या थोड्या उशिरानं पुन्हा पुन्हा छापलेली. त्यामुळे नर्तिकेनं हात उचलला की मागे हातांचा पिसारा उलगडतो. सिल्वासातल्या धाग्याच्या कारखान्यात जमाखर्च लिहिणाऱ्या मला वाटलं, बॅलेचं एवढं होतं तर आपल्या वारल्यांच्या तारपा नाचाचं किती होईल! शब्द नाहीत, पात्रं नाहीत, नुसती नाचणारी गोष्ट. बायको म्हणाली, "आधी गॅसचा नंबर लावा."

साहित्य फारसं लागणार नव्हतं. टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं, रेघांचे हातपाय, की झाला वारली माणूस. एवढ्याच ऐवजावर डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसेंनी २०११ साली पद्मश्रीपर्यंत मजल मारली. मला फक्त सेकंदाला १२ चित्रं काढायची होती. चित्रकलेशी माझं शाळेपासून वाकडं, म्हणून रोटोस्कोपची वाट धरली. म्हणजे आधी माणसाला नाचवून चित्रण करायचं, मग एकेक चौकट गिरवायची. ही युक्ती काढणाऱ्या मॅक्स फ्लायशरनं आपल्या भावाला विदूषकाचे कपडे घालून नाचवलं होतं. मला भाऊ नाही, म्हणून मीच नाचलो. विदूषकाच्या कपड्यांची गरज भासली नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलीनं मोबाइल धरला. वॉचमननं खुर्ची वळवून घेतली. गिरवायला बसलो तेव्हा दिसलं की माझे त्रिकोण टोकाशी नव्हे, पायाशी जोडलेले आहेत. पडद्यावर एक शंकरपाळी धापा टाकत होती.

मग अस्सल नाच शिकायला खानवेलकडच्या एका पाड्यावर गेलो. भाताची कापणी उरकली होती. वाळका दुधी, बांबू आणि ताडाची पानं यांतून तारपा घुमत होता. वादक मध्ये, भोवती एकमेकांच्या कमरेत हात घातलेली साखळी. मला शेपटाला जोडलं, तो मी पाहुण्याचा मान समजलो. वादकानं सूर बदलला, साखळी वळली, आणि वळणावर शेपटालाच सगळ्यात लांब धावावं लागतं ही भूमिती माझ्या पायांना समजली. मी पावलं मोजत होतो, बाकीचे तारपा ऐकत होते. सूर वळेपर्यंत त्यांचे पाय वळलेलेही असत. दोन चित्रांपेक्षा त्यांच्या मधे काय घडतं ते महत्त्वाचं, असं मॅक्लॅरन सांगायचा. माझ्या दोन चित्रांच्या मधे नुसता दम होता, तोही लागलेला.

तरी फिल्म पुरी केली. पुढच्या गणपतीत मंडळानं ती दाखवली. टाळ्या पडल्या. सेक्रेटरी भारावून म्हणाले, "कमरेचं दुखणं इतकं प्रभावीपणे कुणी मांडलं नव्हतं!" दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी मलमाचं नाव विचारायला दारात हजर.

अमूर्त कला सामान्य माणसापर्यंत पोचत नाही, असं जाणकार म्हणतात. आजींपर्यंत मलमाचं नाव सोडून सगळं पोचलं होतं. नाव मी सांगितलं.