पाचशे टक्क्यांच्या पाटल्या

"काकू, वाळवण राहू द्या, इकडं या भिंतीपाशी. बार्शी नाक्याच्या मास्तरांचं कळलं का?"

"काय? सून परत माहेरी गेली?"

"ते जुनं झालं. धाकट्यानं शेअर घेतलेत. माझ्याकडं काढलेली पोस्टाची आरडी बंद केली की मेल्यानं!"

"अगं बाई! मास्तरांचे रिटायरमेंटचे पैसे मल्टिस्टेट पतसंस्थेत अडकलेत, तरी?"

"त्याच्यामुळंच तर. म्हणतंय, तिथं नुसती पावती होती, इथं शेअर डिमॅट खात्यात माझ्या नावावर हायेत. सातबाऱ्यावर नाव लागावं तसं. एनएसडीएल नाहीतर सीडीएसएलकडं नोंद राहती, ब्रोकर बुडाला तरी. तेवढं मात्र खरं बोललं."

"मग बिघडलं कुठं?"

"व्हॉट्सॲपवर आलं, अमक्या कंपनीनं 500 टक्के डिव्हिडंड दिला. हजाराच्या शेअरमागं पाच हजार येणार म्हणून आईला पाटल्या कबूल करून बसलं."

"पाचशे टक्के! अगं, मग आपण कामून मागं राहायचं?"

"थांबा की. ते टक्के बाजारभावावर नसतात, फेस व्हॅल्यूवर असतात. शेअरची कागदावरची किंमत 1 रुपया, बाजारात चाललाय हजाराला. एका रुपयाचे 500 टक्के किती?"

"...पाच रुपये?"

"हजारामागं पाच. अर्धा टक्का! माझं पोस्ट 6.7 देत होतं, ते ह्याला कमी वाटलं."

"गेल्या पाटल्या."

"पाच रुपयेबी गेले. डिव्हिडंडला एक्स-डेट असती. तिच्या आदल्या दिवसापर्यंत शेअर घेतलेला पाहिजे. यानं नेमका एक्स-डेटलाच घेतला. अन् त्या दिवशी भाव डिव्हिडंडएवढा उतरूनच उघडतो बहुतेक."

"पण सेन्सेक्स चढला म्हणतात ना टीव्हीवर?"

"त्यात 30 कंपन्या, निफ्टीत 50. मास्तरांच्या पोराची दोन्हीकडं नाही. आता तोटा भरून काढायला ऑप्शन करतो म्हणायलंय."

"आमचे हे सोयाबीनच्या वायद्यावरून चिडचिड करतेत, तसलंच का काही?"

"त्याच कुळातलं. सोयाबीनचा वायदा सेबीनं डिसेंबर 2021 मध्ये थांबवला, शेअरचा चालूच हाय. आणि सेबीनंच हिशेब काढलाय, 2021-22 पासून तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या शंभरातल्या 93 जणांना तोटा. सरासरी माणशी दोन लाख. मास्तरीण बिचारी देवाला नवस बोलायली, अन् पोरगं मोबाईलमधून मान वर काढत नाही. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो, साडेतीनला बंद होतो, तवर घरात कुणी मिक्सरबी लावायचा नाही."

"कठीण हाय बाई. आमच्या घरात नाही असले नाद."

"हां... म्हंजे, काकांनी विचारून केलंय, तसं नाही त्यांचं. आयपीओला पैसे नुसते खात्यात अडकून राहतात, लॉट लागला तरच कटतात. नाही लागला तर सुटतात. तुमचे 15 हजार कुठं जात नाहीत, काळजी करू नका."

"कोणते 15 हजार?"

"...दूध उतू चाललंय वाटतं माझं. येते हं, काकू."