सही, कोरा चेक आणि डझनभर केळी

माझी मावसबहीण अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. मोल शिकवायचा झाला की केळ्यांपासून सुरुवात करते. डझन म्हटलं की बारा, मग केळी असोत की अंडी. मोलचंही तसंच, फक्त आकडा अवाढव्य. मार्चमध्ये तिने क्लास सोडला, तोही बॅच परीक्षेपर्यंत पोचवून आणि महिन्याची नोटीस देऊन. मे महिन्यात शेजारच्या दोन मुलांना घरी शिकवायला बसली, तर फोन आला : “मॅडम, कशावर सही केलीय, आठवतंय ना?”

स्टॅम्पपेपरवर लिहिलंय की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं, दहा किलोमीटरच्या आत, खासगी शिकवणीसुद्धा घ्यायची नाही. क्लासच्या कपाटात तिचं एमएस्सीचं ओरिजिनल सर्टिफिकेट आहे आणि सही केलेला कोरा चेक. तेव्हापासून ती त्या पोरांना दार लावून शिकवते.

या कागदाला घाबरायचं कारण नाही, हे मला ओरडून सांगायचंय. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम २७ म्हणतं, कुणालाही कायदेशीर पेशा किंवा धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. दुकानाचं नाव विकणाऱ्याला तिथे अपवाद आहे, नोकरी सोडणाऱ्या मास्तरासाठी वेगळी बेडी नाही. ‘दहा किलोमीटरच तर आहे’ हा युक्तिवादही शिळा. कलकत्त्याच्या एका भागापुरता धंदा बंद ठेवायचा करार १८७४ मध्ये तिथल्या हायकोर्टाने याच कलमाखाली मोडीत काढला.

मालकांचे वकील गोलिकरी खटला पुढे करतात. निरंजन शंकर गोलिकरी कल्याणच्या कारखान्यातली पाच वर्षांच्या कराराची नोकरी मध्येच सोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये त्यांना अडवलं, पण कराराची पाच वर्षं सरेपर्यंतच. मुदतीतलं बंधन वेगळं, सुटल्यानंतरचं वेगळं. हा फरक स्टॅम्पपेपरवर कुणी लिहीत नाही.

मालकाचंही दुखणं खरं आहे. भर सत्रात शिक्षक निघून गेला की पालक ऑफिसात येऊन बसतात. त्याची भरपाई जरूर मागा. छापील नोट्स, टेस्ट सिरीज, मुलांच्या फोन नंबरांची वही तुमची. ती कुणी पळवली तर कोर्टात खेचा. पण केळ्यांचं उदाहरण तुमचं नाही. समोरचं पोर कुठे अडलंय हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखणं तर नाहीच नाही. ते तिने वर्षानुवर्षं घसा कोरडा करून कमावलंय.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शिकवणारा किमान पदवीधर हवा, असं त्यात आहे. मग त्याच्या पदवीचा कागद कपाटात कोंडून ठेवणाऱ्यालाही कुणीतरी जाब विचारायला हवा! राज्य सरकारने एक ओळ काढावी : शिक्षकाची मूळ प्रमाणपत्रं आणि कोरे चेक ठेवून घेणाऱ्या क्लासला नोंदणी नाही. निम्मी भीती त्या ओळीनेच जाईल, कारण हा करार कोर्टात टिकत नाही, तो कपाटाच्या किल्लीवर टिकतो.

बहिणीला मी पत्र लिहायला बसवलं. सोमवारी स्पीड पोस्टने गेलं. पहिल्या परिच्छेदात सर्टिफिकेट मागितलंय, दुसऱ्यात चेक, त्याच्या नंबरासकट.