अडीच हजारांत इंजिनिअरिंग

मळणी यंत्रात उजवा हात गेलेला शेतमजूर. त्याच्या मुलाला सीईटीत चांगले मार्क पडतात, कॅप राउंडमध्ये पुण्याच्या कॉलेजात नंबर लागतो आणि पेढे वाटायच्या आधीच घरात आकडेमोड सुरू होते. असं घर शोधायला लांब जावं लागत नाही, तालुक्या-तालुक्यात सापडतं. बापाला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला २,५०० रुपये मिळतात. आई रोजंदारीला जाते. या घरानं पोराला चार वर्षं शहरात कसं शिकवायचं?

महाराष्ट्रानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. ३ डिसेंबर २०२२ ला तो विभाग सुरू झाला आणि ती गोष्ट मोठीच होती. म्हणूनच हा हिशेब त्याच विभागापुढे मांडायचा आहे.

आधी रकमेचं बोलू. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या २४ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की इतरांना अशाच योजनेत जी मदत मिळते, त्यापेक्षा दिव्यांगाला किमान २५ टक्के जास्त द्यायची. जुलै २०२३ पासून निराधार योजनेत सगळ्यांना सरसकट १,५०० रुपये मिळत होते. कायद्याप्रमाणे दिव्यांगाचे किमान १,८७५ व्हायला हवे होते. ते झाले नाहीत. ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाले, तेव्हा कुठे कायद्याची बूज राहिली. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनमधला वाटा तर २०१२ पासून ३०० रुपयांवरच आहे, आणि तोही ८० टक्के अपंगत्व असेल तरच. वाढ झाली त्याचं स्वागत. पण अडीच हजारांत पुण्यात दोन वेळची मेसही भागत नाही. कॉट बेसिसवरची खोली, बसचा पास, पुस्तकं हे सगळं त्यापुढचं.

खरी कोंडी उत्पन्नाच्या दाखल्यात आहे. निराधार योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये. आईला दिवसाला ३०० रुपये मजुरी धरा, वर्षातून २०० दिवस काम मिळालं असं धरा. झाले ६०,०००. बाप नियमाबाहेर. लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाख आहे. कॉलेजच्या फी सवलतीसाठी आठ लाख. म्हणजे या तिन्हींत गरिबीची सगळ्यात खालची रेघ सरकारनं ओढली ती नेमकी हात-पाय गमावलेल्या माणसासाठी. मग काय होतं, ते तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. दाखला ‘बसवून’ आणला जातो. सरळ माणसाला वर्षानुवर्षं खोटं लिहायला लावणारा नियम वाईट आहे. त्याचा दोष त्या माणसाच्या माथी मारू नका.

तोच दाखला घेऊन मुलगा बँकेत जातो. शैक्षणिक कर्जाला आई किंवा बाप सहकर्जदार लागतो. चार लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. पण तारण नको म्हटलं तरी सहकर्जदाराचं उत्पन्न विचारलं जातंच. तहसील कचेरीत जो आकडा पन्नास हजारांच्या आत असावा लागतो, तोच आकडा बँकेच्या टेबलावर कर्ज अडवतो. एका खिडकीवर कमाई नाही हे सिद्ध करायचं, दुसऱ्या खिडकीवर कमाई आहे हे दाखवायचं. दोन्ही खिडक्यांवर कागद एकच, माणूस एकच आणि त्याच्याजवळ हात एकच. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत जामीनदार लागत नाही, हे चांगलं आहे. पण ती देशातल्या निवडक नामांकित संस्थांसाठी आहे. तालुक्याच्या कॉलेजात फार्मसी करणारी मुलगी त्यात येत नाही.

फीचं म्हणाल, तर २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. हा फार चांगला निर्णय आहे. त्याने कितीतरी मुली बारावीनंतर घरी बसायच्या वाचल्या असतील. मुलगा खुल्या प्रवर्गातला असेल तर त्याला निम्मं शिक्षण शुल्क भरावं लागतं. विकास शुल्क, राहणं, खाणं दोघांनाही आहेच. सवलतीचे पैसे महाडीबीटीवरून सावकाश येतात आणि कॉलेजची पावती मात्र प्रवेशाच्या वेळीच फाडावी लागते.

बाप अपंग आहे म्हणून या मुलाला वेगळं काही मिळतं का? उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत, पण त्या स्वतः दिव्यांग असलेल्या विद्यार्थ्याला. राष्ट्रीय दिव्यांग महामंडळाचं शैक्षणिक कर्जही त्यालाच. हे त्याचं हक्काचं आहे, त्यात वाटेकरी नकोत. सैन्यात जायबंदी झालेल्या जवानाच्या मुलांना प्रवेशात प्राधान्य आहे, तेही योग्यच. पण प्रेसखाली बोटं गेलेल्या कामगाराच्या, पोलिओनं पाय गेलेल्या शिंप्याच्या मुलाचा विचार कुठे आहे? कर्मचारी पेन्शन योजना १९९५ पाहा. कामगार मेला, तर त्याच्या मुलांना २५ वर्षांपर्यंत पेन्शन आहे. तो जगला आणि कायमचा निकामी झाला, तर त्याची स्वतःची पेन्शन सुरू होते, मुलांच्या नावाने काहीच नाही. घराचा खर्च मात्र बाप जगला तर वाढतो. औषधं लागतात, आधाराला माणूस लागतो. प्राप्तिकरात दिव्यांगाला ७५,००० रुपयांची वजावट आहे, अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची. ती पगारदाराच्या कामाची. ज्याला कर भरण्याइतकं उत्पन्नच नाही, त्यानं ती वजावट कशातून करायची?

आणि सगळ्यात टोचणारा नियम शेवटी येतो. निराधार योजनेचा लाभ मूल २५ वर्षांचं होईपर्यंत किंवा नोकरीला लागेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. फक्त मुलीच असतील तर सूट आहे, मुलगा असेल तर नाही. पोराला पहिली नोकरी आठ हजारांची लागली, तरी वर्षाचे ९६,००० होतात आणि पन्नास हजारांची मर्यादा ओलांडली जाते. त्याच सुमारास कर्जाचा हप्ता सुरू होतो. ज्या महिन्यात घरानं पहिल्यांदा मोकळा श्वास घ्यायचा, त्याच महिन्यात बापाचे पैसे बंद. बापाचा हात काही परत आलेला नसतो. ती रक्कम त्याच्या अपंगत्वासाठी होती. पोराच्या नोकरीशी तिची गाठ मारणं हा सरळ अन्याय आहे. या धाकानं एखादा हुशार मुलगा कागदावर बेकार राहायचा विचार करत असेल, तर त्याला तसं करायला आपणच लावतो आहोत.

दिव्यांग कल्याण विभागाने आणि सामाजिक न्याय विभागाने हे बदलावं. उत्पन्नाची मर्यादा निदान लाडक्या बहिणीइतकी, अडीच लाख करा. शिकणाऱ्या मुलाची कमाई, आणि नोकरीची पहिली पाच वर्षं तरी त्याचा पगार, बापाच्या दाखल्यात धरू नका. ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्या पालकाच्या मुलाला, जात-धर्म-मुलगा-मुलगी न पाहता, मुलींसारखी पूर्ण फीमाफी द्या. आणि ती रक्कम प्रवेशाच्या वेळीच कॉलेजच्या खात्यात भरा.

वाचकांनाही एक सांगणं आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बहुतेक गावांत तो किती जमला आणि कुठे गेला, हे कुणी विचारतच नाही. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जा. त्या निधीतून, ज्यांची मुलं कॉलेजात आहेत अशा दिव्यांग पालकांना दरवर्षी जूनमध्ये थेट मदत द्यावी, असा ठराव लेखी मांडा आणि त्याची पोच घ्या.