अंतर्ज्ञान्यांच्या दरबारी एक कैफियत

वे. शा. सं. ज्योतिषीबुवा यांसी,
सा. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आमच्या घरच्या एका विवाहप्रकरणाचा आपण जो फैसला केलात, तो तोंडी असल्यामुळे त्याची नक्कल मिळण्याची सोय नाही, आणि ज्या अधिकाराने तो केलात तो कोणत्याही कचेरीच्या दप्तरी नमूद नसल्यामुळे त्यावर दाद कोठे मागावी हेही कळत नाही. सबब ही कैफियत चारचौघांदेखत आपल्याच चरणी रुजू करीत आहे. आपण ती सवडीने वाचावी. घाई नाही, मोडलेली सोयरीक काही परत मिळावयाची नाही, आणि आता ती आम्हांस नकोही आहे.

आपल्याविषयीच्या माझ्या इतर तक्रारी मी येथे मांडीत नाही, एवढे औदार्य माझ्या नावे जमा धरावे. आमच्या थोरल्या बंधूंच्या बोटात आपण पुष्कराज घातलात आणि त्यांची अडलेली बढती अडलेलीच राहिली. शेजारच्या गृहस्थांनी आपल्या सल्ल्याने स्वयंपाकघर आग्नेयेस हलविले, तेव्हापासून त्यांच्या फोडणीचा धूर आमच्या बैठकीत विनापरवाना येत असतो. 1962 च्या फेब्रुवारीत मकर राशीत अष्टग्रही झाली, तेव्हा आपल्या तीर्थरूपांनी शांतीसाठी आमच्या आजोबांकडून जो शिधा नेला त्याचाही हिशेब मी मागत नाही. जग बुडाले नाही ते त्या शांतीमुळेच, हे त्यांचे म्हणणे आमच्या घराण्यात बिनतक्रार मान्य झालेले आहे. पुण्यात 2008 साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून त्यांपैकी चाळीस-चाळीस ज्योतिष्यांकडे धाडल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या मुलाची एवढेच विचारले. 27 जणांनी उत्तरे पाठविली, आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा 46 भरले. नाणे उडवून उत्तरे दिली असती तर ते शेकडा 50 च्या आसपास भरले असते. हा निकाल मी आपणास सांगितला तेव्हा ‘त्यांत आम्ही नव्हतो’ असे आपण म्हणालात. ते सत्यच असल्याकारणाने तो विषयही मी तेथेच मिटविला.

आता मूळ प्रकरण. माझी पुतणी अठ्ठाविशीची, रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. मुलगा अभियंता. उभयतांनी एकमेकांना पाहिले, दोनदा बाहेर भेटून बोलले, पसंती कळविली. आणि पत्रिका दाखविण्याचा शिरस्ता तेवढा उरला, म्हणून उभय पक्षांना मान्य असा लवाद या नात्याने आपली योजना झाली. आपण पत्रिका उलगडलीत. ती संगणकाने छापलेली, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली होती. आपण लाल बॉलपेनने चौथ्या घरातील ‘मं.’ या अक्षराभोवती एक वर्तुळ काढलेत, आणि तेवढ्याने समाधान न होऊन त्यावरच दुसरे, मग तिसरे, अशा जोराने गिरविलेत की कागद पाठीमागून फुगून वर आला. मुलगी समोर बसली होती. तिने कागदाकडे पाहिले नाही. आपल्या हाताकडे पाहत राहिली.

नाडीचा प्रश्न मध्येच निघाला तेव्हा, एकनाड म्हणजे प्राचीन ऋषींनी शोधलेले रक्तगटाचेच शास्त्र होय, असे आपण समजावून सांगितलेत. आणि हे आपण कोणास सांगितलेत, तर जी मुलगी रोज सकाळपासून रक्ताच्या नळ्या हाती घेऊन कोणाचे रक्त कोणास चालेल हे पाहते तिला. तिने मान तुकवून ‘हो का’ म्हटले. तिच्या या सौजन्याची नोंद आपल्या शास्त्रात कोठे होते की नाही ते मला माहीत नाही. छत्तीस गुणांत तरी त्याला घर दिसत नाही.

मी जन्मभर दुसऱ्यांचे जमाखर्च तपासण्यात घालविला असल्यामुळे आकडा दिसला की त्याचा पडताळा घेतल्यावाचून मला राहवत नाही. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात पडला की दोष, म्हणजे बारांपैकी पाच घरे दोषाची. स्थूलमानाने दर बारा जन्मलेल्यांत पाच मंगळाचे. एकास मंगळ आहे आणि दुसऱ्यास नाही अशी जोडपी मोडावयाची म्हटली, तर जवळजवळ निम्मी तेथेच निकालात निघतात. उरलेल्यांपैकी तिसरा हिस्सा एकनाडीत जातो, कारण सत्तावीस नक्षत्रे तीन नाड्यांत नऊ-नऊ अशी वाटलेली आहेत. अपवादांची मखलाशी बाजूस ठेवली तर शंभर स्थळांतून या दोनच दरवाजांनी आत येणारी जेमतेम चौतीस. गुणमेलन अद्याप सुरूही झालेले नसते. अशा छाननीतून आपले आईवडील, माझे आईवडील आणि या देशातील बहुसंख्य सुखी-दुःखी संसार कसे पार पडले, याचा खुलासा मंगळानेच करावा.

परंतु हे सर्व मी सोसले असते. आपल्या पत्रिकेप्रमाणे मुलीचे लग्न मेषेच्या एकोणतिसाव्या अंशावर आणि मंगळ कर्केत, म्हणून तो चौथा. लग्न सरासरी चार मिनिटांस एक अंश सरकते. प्रसूतिगृहातील घड्याळ पाच-दहा मिनिटे मागे असेल, किंवा परिचारिकेने वेळ अंदाजाने थोडी आधीची लिहिली असेल, तर लग्न वृषभेत जाते आणि मंगळ तिसऱ्या घरात जाऊन निरुपद्रवी होतो. शिवाय आपण चित्रापक्षाचे अभिमानी. टिळक पंचांगाचा रैवतपक्ष धरला तर अयनांशांत सुमारे चार अंशांची तफावत पडते, आणि घड्याळास हात न लावताही लग्न वृषभेत येते. म्हणजे लोकमान्यांच्या नावाने चालणाऱ्या पंचांगाप्रमाणे मुलगी निर्दोष आणि आपल्या पंचांगाप्रमाणे सदोष. हे मी आपणास कागदावर मांडून दाखविले, आणि मला वाटले की आता आपण भांडाल. भांडणे हा आपल्या शास्त्राचा खरा कुळाचार आहे. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 साली ज्याचापांची किचकट आकडेमोड टाळून ग्रह काढण्याची रीत ग्रहलाघवात घालून दिली. तिच्यातील स्थूलपणावरून पुढे पंचांगकर्त्यांनी आकड्यास आकडा लावून वाद घातले, वेध घेतले, रात्री जागविल्या. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला, तो वाचताना फलज्योतिषावर कवडीचा विश्वास नसलेल्या माझ्यासारख्यालाही त्या माणसांपुढे नमस्कार करावासा वाटतो. त्यांचे चुकले तर चूक दाखविता येत असे.

आपण भांडला नाहीत. आपण चष्मा काढलात, पत्रिका उपडी ठेवलीत, डोळे मिटलेत, आणि बराच वेळ पंख्याची घरघर सर्वांना ऐकवून झाल्यावर म्हणालात, ‘गणित काय म्हणायचं ते म्हणो. मला आतून दिसतंय. ह्या मुलीच्या पावलानं त्या घरात सुख येणार नाही.’

ज्योतिषीबुवा, आतून म्हणजे कोठून? एखाद्या रकमेपुढे पावती नसली तर ती रक्कम मी नामंजूर करतो, आणि खर्च करणारा मनुष्य ‘मला आतून वाटले’ असे म्हणू लागला तर त्याची बदली होते. आपल्या व्यवसायात मात्र पावती संपली की अंतर्ज्ञान सुरू होते, आणि पावतीपेक्षा त्याचे वजन अधिक. ग्रहांचे गणित चुकले तर दुसऱ्या पंचांगाकडे जाता येते. मिटलेल्या डोळ्यांपुढे कोणते पंचांग धरावे? सन 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ज्योतिष्यांच्या सल्ल्यास आपल्या कक्षेबाहेर ठेवताना जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले ज्योतिषी यांना शेजारीशेजारी बसविले आहे. त्याबद्दल नंदीबैलवाल्यांची कोणीतरी माफी मागावी असे मला वाटते. त्यांचा बैल मान हलवितो ती भर रस्त्यावर, सर्वांदेखत, आणि हलविण्यापूर्वी मालकाने दोर ओढलेला सर्वांना दिसतो.

आपला दोर कोणी ओढला तेही पुढे मध्यस्थाकडून कळले. मुलाच्या मातोश्रींना नोकरी न सोडणारी, आणि त्यातही महिन्यातून काही रात्री रक्तपेढीत काढणारी सून नको होती. मुलास हे सांगण्याची त्यांची छाती नव्हती, आणि आईचा मुलाहिजा मोडण्याची मुलाची. आदल्या संध्याकाळी त्या आपल्याकडे येऊन गेल्या. म्हणजे जे आपणास आतून दिसले ते आतून आलेच नव्हते. ते आदल्या संध्याकाळी जिना चढून, चपला बाहेर काढून, आपल्यासमोरील खुर्चीवर अर्धा तास बसून गेले होते.

‘पत्रिका जुळत नाही’ हे आपल्या समाजातील सभ्य नकाराचे चलनी नाणे आहे, हे मला कळते. मुलगी सावळी आहे, बाप कफल्लक आहे, मुलाचे दुसरीकडे जमले आहे, अशी कितीतरी बोचरी सत्ये त्या नाण्याखाली झाकून माणसे एकमेकांच्या घरचा चहा पुन्हा पिऊ शकतात. ते नाणे आपण वापरले असतेत तर मी हे पत्र लिहिले नसते. मुलाच्या आईने उठून ‘मला रात्री बाहेर राहणारी सून नको’ असे स्पष्ट सांगितले असते तर आमची मुलगी दोन दिवस रडली असती, तिसऱ्या दिवशी त्या बाईची नक्कल करून तिने आम्हां सर्वांना हसविले असते, आणि चौथ्या दिवशी विसरली असती. कारण तो दोष त्या बाईच्या मनातला होता, आणि ते मन त्या घरापुरते होते. आपण तो दोष उचललात आणि मुलीच्या जन्मात नेऊन ठेवलात. तिच्या पावलांत ठेवलात. आता तो ती कोठे काढून ठेवील? परवा रात्री भात कालवता कालवता तिने मला विचारले, ‘काका, माझ्यात खरंच काही आहे का हो?’ रक्ताच्या तपासण्या करणारी, शिकलेली, स्वतःच्या पगारावर आईची औषधे आणणारी मुलगी! आणि नवे स्थळ सांगून आले आहे, तर ‘त्या लोकांचं वाईट व्हायला नको’ म्हणून ती भेटायलाच तयार नाही. तुम्हाला लाज कशी वाटली नाही? येथे ‘आपण’ लिहिणे माझ्याने होत नाही. एका बाईच्या भिडेखातर तुम्ही एका मुलीला अपशकुनी ठरविलेत, डोळे मिटून ठरविलेत, आणि वर पाकीट घेतलेत.

हे येथपर्यंत लिहून मी कागद बाजूला ठेवणार होतो. परंतु त्याच दिवशी आमच्या आधी आत गेलेल्या गृहस्थांची आठवण मला तसे करू देत नाही. दार उघडे होते म्हणून ऐकू आले. त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया ठरली होती आणि दिलेल्या दिवशी अमावास्या होती. आपण त्यांची पत्रिका हातातही घेतली नाहीत. ‘डॉक्टर काय म्हणतात?’ एवढे विचारलेत, आणि त्यांनी सांगितल्यावर म्हणालात, ‘मग त्याच दिवशी करा. मुहूर्तबिहूर्त काही बघू नका. पैशाची सोय झालीये ना?’ त्यांनी पुढे केलेले पाकीट आपण परत त्यांच्या खिशात कोंबलेत. तेव्हा आपले डोळे उघडे होते. ते गेल्यावर पुढचा क्रमांक पुकारण्याआधी आपण कितीतरी वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत बसला होतात, आणि त्या वेळी आपण मला फार दमलेले दिसलात.

दमणारच. ज्याला नोकरी सोडावयाची आहे पण धीर नाही, ज्याला म्हाताऱ्या बापाला दवाखान्यातून घरी आणावयाचे नाही पण तसे बोलवत नाही, ज्या आईला मुलापुढे खरे सांगता येत नाही, आणि आमच्या बंधूंसारखा ज्याला मुलीच्या पसंतीवर स्वतःची सही करण्याची भीती वाटते, अशी सर्व माणसे आपापला निर्णय आपल्या गादीवर आणून टाकतात आणि हलक्या अंगाने जिना उतरतात. उद्या काही बिघडले तर ग्रह जबाबदार, आणि ग्रह भेटत नाहीत म्हणून आपण. इतक्या परक्या माणसांच्या भित्रेपणाचे टपाल वाहणारा मनुष्य केव्हातरी डोळे मिटून घेईलच, हे मला कळते. अमावास्येच्या त्या गृहस्थांस जे शहाणपण आपण फुकट दिलेत ते आमच्या मुलीस विकतही का मिळाले नाही, एवढेच कळत नाही.

तरी विनंती एवढीच की, आपल्या हस्ताक्षरात, आपल्या शिक्क्यानिशी, मुलीच्या नावे एक चिठ्ठी द्यावी. मजकूर असा असावा: ‘तुझ्यात काही दोष नाही. मला जे दिसले ते मला सांगण्यात आले होते.’ दुसरे वाक्य जड जात असेल तर पहिले चालेल. दक्षिणा काय होईल ती कळवावी, बिनतक्रार पोचती करू. मुहूर्त पाहू नये. चिठ्ठी सकाळी आठाच्या आत मात्र पोचावी, कारण आठानंतर मुलगी कामावर जाते आणि दारात आलेला कागद तिच्या आईच्या हाती पडतो. आणि तिच्या आईने अलीकडे या दोषाच्या निवारणार्थ गावाबाहेरच्या एका बाईंकडे जाण्यास सुरुवात केली आहे, ज्यांना पत्रिकेचीही गरज लागत नाही.

कळावे,
मुलीचा काका