खुर्ची एकाची, तिकीट दुसऱ्याचं

पिट्सबर्ग बघण्यासारखं आहे. अलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या तिथं भेटतात आणि पुढं ओहायो म्हणून वाहतात. शहरात चारशेवर पूल आहेत, 1877 पासून टेकडीवर रुळांवरून चढणारा एक डबा आहे आणि पेन हिल्समध्ये व्यंकटेश्वराचं देऊळ आहे. तिथला प्रसादाचा भात मी पुन्हा मागून घेतला. प्रवासवर्णनाचं कर्तव्य इथं संपलं. आता मुंबईहून आम्ही तिथवर पोचलो कसे ते सांगतो, कारण खरा प्रवास तोच होता.

माझी हयात सरकारी लेखापरीक्षणात गेली. दुसऱ्याच्या खर्चापुढं लाल पेन्सिलीनं ‘खुलासा करावा’ असं लिहायचं आणि चहा प्यायचा, हा पेशा. निवृत्तीनंतर पेन्सिल सुटली, खोड सुटली नाही. घरात सौ. दुधाचासुद्धा हिशेब दाखवत नाही. अशा रिकाम्या लेखापरीक्षकाला माझ्या धाकट्या मेहुण्यानं विमानाच्या माइल्सचा नाद लावला.

“दाजी, पैसे मोजून बिझनेस क्लासनं जातो तो नुसता पैसेवाला. माइल्स मोजून जातो तो शहाणा,” असं त्याचं तत्त्वज्ञान. त्याच्या सांगण्यावरून मी किराणा, गॅस, विम्याचा हप्ता, इतकंच काय भाच्याच्या मुंजीचा हॉलसुद्धा एका विशिष्ट कार्डावर घेतला. विमानात पाऊल न टाकता माझे हजारो माइल्स जमले. पावशेर खोबरं आणलं तरी आपण आकाशात चार हात पुढं सरकलो असं वाटायचं.

हा नाद जुना आहे. अमेरिकन एअरलाइन्सनं 1 मे 1981 रोजी तो सुरू केला आणि काही दिवसांतच युनायटेडनं त्याची री ओढली. 1999 साली कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरनं खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर माइल्स मिळताहेत असं पाहून पुडिंगच्या 12,150 वाट्या विकत घेतल्या. लेबलं सोलायला माणसं कमी पडली तेव्हा पुडिंग दानधर्मात दिलं आणि त्या संस्थेच्या स्वयंसेवकांकडून लेबलं सोलून घेतली. खर्च सुमारे 3,000 डॉलर, मिळकत 12 लाखांवर माइल्स. मेहुण्याच्या देवघरात या गृहस्थाचा फोटो नाही, एवढंच.

मला मात्र जमेची बाजू दिसली की खर्चाची दिसतेच. 2005 साली ‘द इकॉनॉमिस्ट’नं हिशेब मांडला होता की जगभर न वापरता पडून असलेल्या माइल्सची किंमत चलनात असलेल्या सगळ्या डॉलरच्या नोटांहून जास्त भरते. 2020 मध्ये करोनानं विमानं जमिनीवर बसवली, तेव्हा युनायटेडनं आपली माइल्सची योजना तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले. म्हणजे विमानं उडाली नाहीत तरी माइल्स उडत होते! हे चलन छापणारी कंपनी, भाव ठरवणारी कंपनी आणि एका सकाळी भाव पाडणारीही तीच. कुठल्याही लेखापरीक्षकानं यावर ‘गंभीर आक्षेप’ नोंदवला असता. मीही नोंदवला. मेहुणा म्हणाला, “दाजी, चहा घ्या.”

पिट्सबर्गच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि माइल्स वापरायची वेळ आली. खरं सांगायचं तर ऐसपैस जागेची गरज मला नव्हतीच. माझी उंची इतकी बेताची की विमानाच्या खुर्चीत बसलो की पाय जमिनीला टेकत नाहीत. लेगरूम हा माझ्यासाठी दुसऱ्यांचा विषय. गरज होती सौ.ला. तिचे गुडघे गेले आहेत, आणि दोन तास पाय लोंबकळत राहिले की घोटे सुजतात.

मेहुण्यानं तिकीट काढलं ते असं: मुंबई ते लंडन, लंडन ते शिकागो, शिकागो ते पिट्सबर्ग. माइल्स जमलेले पहिल्या कंपनीकडं. तिकीट विकणारी दुसरी कंपनी, कारण ते स्वस्त. मधल्या टप्प्याचं विमान तिसऱ्या कंपनीचं, पण त्यावर नंबर दुसरीचा. शेवटच्या टप्प्याचं विमान रंगानं तिसरीचं, पण उडवणारी कंत्राटदार कंपनी चौथीच. “काळजी नको, सगळे एकाच अलायन्समधले आहेत,” मेहुणा म्हणाला.

1997 साली पाच कंपन्यांनी मिळून स्टार अलायन्स काढली, 1999 मध्ये वनवर्ल्ड आली, 2000 मध्ये स्कायटीम. या अलायन्सचं सगळं आपल्या एकत्र कुटुंबासारखं असतं. लग्नाच्या फोटोत सगळ्या जावा खांद्याला खांदा लावून उभ्या, आणि पाहुणा जेवायला थांबला की चुली वेगळ्या!

माइल्स देऊन बिझनेसची खुर्ची, म्हणजे अपग्रेड, मिळवायला मी पहिल्या कंपनीला फोन लावला. “माइल्स आमचे आहेत सर, पण तिकीट आमचं नाही. तिकिटाच्या नंबरातले पहिले तीन आकडे बघा.” बघितले. ते तीन आकडे म्हणजे तिकिटाचं गोत्र. कुठल्या कंपनीनं ते जन्माला घातलं ते त्यावरून कळतं. मग दुसरीला फोन. “तिकीट आमचंच, पण विमान आमचं नाही.” तिसरी म्हणाली, “विमान आमचं, पण माइल्स आमचे नाहीत.” मधल्या काळात प्रत्येकीनं मला सतार ऐकवली, पियानो ऐकवला आणि माझा फोन तिच्यासाठी फार महत्त्वाचा आहे असं सांगितलं. मी पूर्वीच्या सवयीनं चार रकान्यांचा तक्ता आखला: विमान कोणाचं, तिकीट कोणाचं, माइल्स कोणाचे, जबाबदारी कोणाची. चौथा रकाना शेवटपर्यंत कोरा राहिला.

मग अक्षराचं प्रकरण निघालं. इकॉनॉमी म्हणजे एकच वर्ग, असा आपला भोळा समज. प्रत्यक्षात प्रत्येक तिकिटावर एक इंग्रजी अक्षर असतं. ‘वाय’ म्हणजे पूर्ण भाड्याचा राजा, आणि त्याच्याखाली सवलतीच्या अक्षरांची लांबलचक उतरंड. खुर्ची तीच, जेवण तेच, शेजारी घोरणारा माणूसही तोच. पण भगिनी कंपनीचे माइल्स देऊन अपग्रेड हवं असेल तर वरचंच अक्षर लागतं. आमचं अक्षर इतकं खालचं होतं की फोनवरच्या मुलीनं ते हळू आवाजात सांगितलं. मधल्या टप्प्यापुरतं अक्षर बढती देऊन वर न्यायला मेहुण्यानं माझ्याकडून जे पैसे भरून घेतले, त्यांत मुंबई-पुणे आयुष्यभर शिवनेरीनं करता आलं असतं. त्या बदल्यात आमची नावं लागली वेटलिस्टवर.

“पण बिझनेसमध्ये खुर्च्या रिकाम्या दिसतायत की!” मी म्हणालो.

“दाजी, रिकामी खुर्ची वेगळी आणि अपग्रेडसाठी सोडलेली खुर्ची वेगळी.”

खुलासा करावा.

मुंबईहून निघताना तशाच रिकाम्या खुर्च्यांमधून आम्हाला मागं नेण्यात आलं. ज्यांना खुर्ची मिळालेली असते ते हातात रस घेऊन तुमच्याकडं बघतात. वऱ्हाडातल्या न बोलावलेल्या पाहुण्याची अवस्था मी प्रथमच अनुभवली. एका गृहस्थानं तर विमान हलायच्या आत पायमोजे बदलले. सौ. म्हणाली, “अहो, चला पुढं, मागची माणसं खोळंबलीत.”

लंडनला उतरलो. हिथ्रोला टर्मिनल 2, 3, 4 आणि 5 आहेत. 1 नंबरचं 2015 मध्ये बंद झालं. (नंबर पुन्हा 1 पासून का लावले नाहीत, खुलासा करावा.) जांभळ्या पाट्यांच्या मागं चालत, बसमध्ये चढत, पट्टा काढत, पट्टा घालत आम्ही गेटवर पोचलो, तोच माइकवर माझ्या आडनावाचा चेंदामेंदा ऐकू आला.

काउंटरवरच्या बाई साठीकडं झुकलेल्या, चष्मा साखळीला. स्क्रीनकडं बघून हसल्या. “अभिनंदन! तुमचं अपग्रेड झालंय.” मी सौ.कडं वळून मान ताठ केली. माझी मान ताठ झाली तरी फार वर जात नाही. तेवढ्यात बाईंचं हसू मावळलं.

प्रकार असा होता. आम्ही रात्री आकाशात असताना तिसऱ्या कंपनीच्या यंत्रात मला बिझनेसची एक खुर्ची मिळाली होती. एकच, आणि माइल्सचं खातं माझ्या नावावर म्हणून मलाच. ती देताना यंत्रानं माझी इकॉनॉमीतली खुर्ची काढून दुसऱ्याला देऊन टाकली. पण खुर्ची बदलली की तिकीटही नव्यानं काढावं लागतं, आणि ते काम ज्या कंपनीचं तिकीट तिचं, म्हणजे दुसरीचं. तिनं ते केलंच नव्हतं. तिला बहुधा कोणी कळवलंच नव्हतं. थोडक्यात, बिझनेसमध्ये माझी खुर्ची होती पण तिकीट नव्हतं, आणि इकॉनॉमीत तिकीट होतं पण खुर्ची नव्हती. विश्वामित्रांनी त्रिशंकूला निदान एकाच जागी लटकवलं होतं.

“मग ती खुर्ची हिला द्या,” मी म्हणालो. “हिचे गुडघे...”

“अपग्रेड नावावर असतं. नाव बदलता येत नाही.”

“आणि हिच्या खुर्चीवर मी बसतो.”

“ती त्यांच्या नावावर आहे.”

बाईंनी दुसऱ्या कंपनीला फोन लावला. बाईंनाही सतार ऐकवण्यात आली. बोर्डिंग सुरू झालं, आधी हिरे, मग सोनं, मग चांदी असं करत माणसं आत जाऊ लागली. सौ.चं तिकीट आणि खुर्ची दोन्ही शाबूत होती. ती शांतपणे म्हणाली, “असं करू या का? मी पुढं होते, तुम्ही या मागनं. लाडूंची बॅग तेवढी माझ्याच नावावर आहे ना?” इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याविना तिचं काही अडत नाही हे मला ठाऊक होतं. ते परदेशी माइकजवळ उभं राहून ऐकायची तयारी नव्हती.

मग माझं टाळकं सरकलं. मी चार रकान्यांचा तक्ता खिशातून काढून काउंटरवर पसरला आणि जमेल त्या इंग्रजीत विचारलं की जाहिरातीत तुम्ही सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसता, मग एका म्हाताऱ्या बाईला पाय पसरायची वेळ आली की प्रत्येक जण दुसऱ्याचं दार का दाखवतो? बाईंनी तक्ता नीट वाचला. कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, “हे मला इथं रोज भरावं लागतं.” मग त्यांनी फोन ठेवला, मंजूर झालेलं अपग्रेड स्वतःच्या हातानं मोडलं, माझं जुनं तिकीट जागेवर आणलं, आणि शेवटच्या रांगेत शौचालयाला पाठ टेकलेल्या दोन शेजारशेजारच्या खुर्च्या काढून दिल्या. त्या खुर्च्यांची पाठ मागं जात नव्हती.

लंडन ते शिकागो आठ तासांहून जास्त. अटलांटिकवर सौ.नं चपला काढल्या आणि अवघडत पाय माझ्या मांडीवर ठेवले. माझे पाय जमिनीला टेकत नसल्यानं मांडी सपाट राहते, हा माझ्या उंचीचा पहिला उपयोग. तिचं पाऊल इतकं सुजलं होतं की जोडवं बोटात रुतून दिसेनासं झालं होतं, आणि चपलेच्या पट्ट्याचा वळ तांबडा उमटला होता. मी थोडं तेल मागितलं. हवाईसुंदरीनं सॅलडबरोबरची ऑलिव्ह तेलाची पुडी आणून दिली. तेलानं जोडवं हळूहळू निघालं. सौ. झोपेतच म्हणाली, “पाकिटात ठेवा, हरवू नका.” लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या या बाईनं स्वतःच्या दोन्ही बाळंतपणांत एस.टी.च्या लाल डब्यातून माहेर गाठलं होतं. त्या प्रवासाचे माइल्स कोणी मोजले नाहीत.

शिकागोच्या विमानतळाचं नाव ओ’हेअर, पण बॅगेवरच्या चिठ्ठीवर ‘ओ-आर-डी’. पूर्वी तिथं ऑर्चर्ड फील्ड होतं, त्याची ती अक्षरं. 1949 मध्ये नाव बदललं तरी अक्षरं तीच राहिली. अमेरिकेत पहिल्या उतरण्याच्या गावी बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. तिथं डिंकाच्या लाडवांची चौकशी झाली आणि ते निर्दोष सुटले. पुढच्या गेटवर अमेरिकन रिवाजाप्रमाणे अपग्रेडची यादी टीव्हीवर झळकत होती, आडनावाची पहिली काही अक्षरं आणि नावाचं एक. तिच्यात आम्ही दोघंही होतो, मंजूर! लंडनच्या त्या बाईंनी जाता जाता, आम्हाला न सांगता, शेवटच्या टप्प्यावर हे करून ठेवलं होतं.

पहिल्या वर्गात काय असतं ते विचारू नका. विमान धावपट्टीवर वळायच्या आत आम्ही दोघंही झोपलो आणि चाकं पिट्सबर्गला टेकली तेव्हा उठलो. रुंद खुर्चीचा पुरावा म्हणून माझ्या शर्टावर सौ.च्या घोरण्याचा ओला ठिपका तेवढा होता.

माइल्स पुढं परत मिळाले, रद्द करण्याचा आकार कापून. तोवर कंपनीनं अपग्रेडचा नवा तक्ता लावला होता आणि त्याच माइल्समध्ये आता अर्ध्या वाटेपर्यंतच जाता येत होतं. अक्षराच्या बढतीचे पैसे कोणाकडं मागायचे, याचा निर्णय चौघींमध्ये अजून व्हायचा आहे.

तेव्हा वाचकहो, निवृत्त लेखापरीक्षकाचा अहवाल थोडक्यात असा. ज्याचं विमान, त्याचंच तिकीट आणि त्याचेच माइल्स असतील तरच अपग्रेड मागा. तिन्ही रकान्यांत वेगवेगळी नावं असतील तर मागू नका. अपग्रेड मंजूर झाल्याचा निरोप आला तर आधी नवं तिकीट निघालं का ते विचारा. माइल्स मुदत ठेवीसारखे साठवू नका, त्यांच्यावर व्याज मिळत नाही, फक्त भाव पडतो. आणि घरच्या माणसाचे पाय सुजत असतील, तर तिकीट काढतानाच चार पैसे जास्त मोजून कडेची खुर्ची घ्या. ती पहिल्या दिवसापासून तुमच्याच नावावर असते.